मल्टिटूलमधली चाकूची पाती काढून घेतली, सांगलीतल्या धारवाल्या मामांच्या कामाचा अनुभव

लिहीन लिहीन म्हणता सात महिने गेले. दोन-तीन जणांनी विचारलंय की तुझ्या मल्टिटूलमधलं पातं कुठं गेलं आणि कुणी काढून दिलं, म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकतो, मोठं होईल पण ज्याला हे काम करून घ्यायचंय त्याला उपयोगी पडेल.

माझं काम सीसीटीव्ही आणि युपीएसचं, बसवायचं पण आणि नंतरच्या मेंटेनन्सचं पण. सांगली, मिरज, कुपवाड रोजचं, कधी तासगाव-विटा. कमरेला मल्टिटूल गेली सहा वर्षं आहे, मधल्या रेंजचं, तेव्हा साडेतीन हजाराला पडलेलं. पकड, दोन डिसमिस, कात्री, कानस, करवत, डबा उघडायचं आणि चाकूची दोन पाती, एक साधं आणि एक दातेरी. सगळी हत्यारं पकड मिटलेली असताना बाहेरनंच उघडतात आणि साधं पातं एकदम कडेला, नखात पहिलं तेच येतंय.

पहिला त्रास गेटचा. आता जिथं जावं तिथं तपासणी आहे, बँका, मोठी हॉस्पिटलं, सरकारी ऑफिसं. गेटवरचा माणूस टूल हातात घेतो, पकड बघतो, डिसमिस बघतो, काही म्हणत नाही, पातं उघडलं की मान हलवतो. मग टूल टेबलावर ठेवायचं, नावाची चिठ्ठी लावायची आणि वर शिडीवर चढल्यावर एक बारका स्क्रू फिरवायला परत खाली यायचं. त्या माणसाचं काही चुकत नाही, त्याला वरनं सांगितलेलं असतंय. कायद्याचं बघायला गेलं तर आर्म्स रूल्समध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट आहे, त्यातनं पण घरातली, शेतीतली, कारखान्यातली हत्यारं वगळलीत, माझं पातं जेमतेम पावणेतीन इंचाचं. पण गेटवर उभं राहून नियम वाचून दाखवायचा नसतोय, तिथं त्या गेटचाच नियम चालतो.

पण नुसत्या गेटसाठी मी पाती काढली नसती. एका शाळेत कॅमेऱ्याचं काम चालू होतं, मी शिडीवर, टूल खाली बाकावर, मधली सुट्टी झाली आणि तिसरीतलं एक पोरगं येऊन ते उचलून बघायला लागलं. पकड दिसली, ती उघडायची म्हणून त्यानं नख लावून ओढलं ते पातंच उघडलं. अंगठ्याच्या पेरावर अर्धा इंच चिरलं. मी शिडीवरनं उतरेपर्यंत बाकावर रक्ताचे थेंब आणि ते पोरगं रडत पण नव्हतं, नुसतं बोटाकडं बघत उभं होतं. बाईंनी पट्टी केली, मग मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाल्या, "दादा, काम तुमचं चांगलंय, पण हे परत शाळेत आणू नका." संध्याकाळी त्याचे वडील भेटले तर तेच उलट म्हणाले, होतंय ओ, पोरं आहेत. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. टूल बाकावर सोडायची चूक माझी, ती मी कबूल करतो, पण रोज दहा ठिकाणी शिडीवर चढणाऱ्या माणसाकडनं कधी ना कधी ते खाली राहणारच, हे पण तितकंच खरं.

त्यानंतर पंधरा दिवस मी मुद्दाम ध्यान ठेवून बघितलं, पातं नक्की कशाला उघडतोय. खोक्याची टेप कापायला, केबल टाय तोडायला आणि एकदा पेरू कापायला. टेप कात्रीनं निघते, टाय पकडीच्या कटरनं तुटतो. मग हे पातं मी सहा वर्षं कुणासाठी घेऊन फिरत होतो?

मल्टिटूल ज्याच्यामुळं जगभर गेलं तो अमेरिकेतला टिम लेदरमन, १९७५ ला बायकोबरोबर जुनी फियाट घेऊन युरोपात हिंडत होता, गाडी सारखी बिघडायची, हॉटेलांतले नळ गळायचे आणि खिशात त्याच्या चाकू होता. चाकूनं भागेना, प्रत्येक वेळेला वाटायचं की आत्ता पकड पाहिजे होती. त्यावर कित्येक वर्षं खपून १९८३ ला त्याचं पहिलं टूल विकायला आलं. म्हणजे या वस्तूचा जीव पकडीत आहे, चाकू तर त्याच्याकडं आधीपासनं होताच. हे मला पटलं आणि पाती काढायची हे पक्कं केलं.

आता कुणी म्हणेल, बिनपात्याचं तयारच घे की. बघितलं. लेदरमनचं स्टाइल पीएस होतं तसं, ते बनवायचं बंद झालंय. व्हिक्टोरिनॉक्सचं जेटसेटर आहे, त्यात पातं नाही, कात्री चांगली आहे, पण ५८ मिलिमीटरचं किल्लीला अडकवायचं ते, त्यात पकडच नाही. मला सापडली ती अशी प्रवासासाठी केलेली, बारकी. युपीएसच्या बॅटरीचा नट धरायला हातभर नाही पण हाताएवढी तरी पकड लागतेच. आणि हातात बसलेलं टूल सोडून नवीन घ्यायचं मन पण होत नव्हतं.

काम करून द्यायला कुणी तयार होईना. एका वर्कशॉपवाल्यानं अँगल ग्राइंडर दाखवला, म्हणाला धरा इथं, दहा मिनिटांत पातं बुडातनं कापतो. मी टूल खिशात घातलं आणि निघालो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं नीट ऐकून घेतलं, पण एवढ्याशा कामासाठी मशीन अडकवायला जमणार नाही म्हणाला, आणि त्यानंच या मामांचं नाव सांगितलं.

दुकान गणपती पेठेच्या मागच्या बाजूला बोळात आहे. पाटी नाही. आत दोन सहाणेची चाकं, एक लाकडी घोडा, एक बारका बेंच व्हाइस, आणि भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर २०१९ च्या पुराची रेघ अजून तशीच, मामांनी रंग मारताना तेवढी रेघ सोडलीय. दिवसभराचं काम म्हणजे शिंप्यांच्या कात्र्या, केश कर्तनालयातल्या कात्र्या आणि मिरजेच्या हॉस्पिटलांतनं येणाऱ्या ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे. ज्या माणसाकडं सर्जन आपली कात्री पाठवतो त्याला बारीक काम सांगावं लागत नाही, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

मामांनी टूल घेतलं, एकेक हत्यार उघडून मिटलं, कानाशी धरून खटका ऐकला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पातं काढतो, पण त्या जागी काय घालायचं?" मी म्हटलं काही नाही, रिकामं राहू दे. तेव्हा त्यांनी समजावलं ते इथं नीट लिहितो, कारण घरी करायला जाणारे सगळे इथंच फसतात. एका हँडलमधली चार हत्यारं एकाच पिनेवर एकाला एक चिकटून बसलेली असतात, पुस्तकाच्या पानांसारखी. त्यातलं एक पान काढलं की बाकीची सैल. स्क्रू आवळून फट मिटवायला गेलं तर हँडलचा पत्रा आत वाकतो आणि मग काहीच उघडत नाही. सैल ठेवलं तर शेजारची कात्री तिरकी होऊन फटीत कलते. म्हणून काढलेल्या पात्याच्या बुडाएवढ्याच जाडीचं काहीतरी तिथं बसवायला लागतंय, अगदी तेवढ्याच.

स्क्रू स्टारचे, आणि मधोमध टोचा असलेले, म्हणजे साधा स्टार बिट बसतच नाही, बिटला मधे भोक लागतंय. मी बिटचा सेट बरोबर नेला होता, नसता तर तिथंच खोळंबा झाला असता. मामांनी वर्तमानपत्राचं पान अंथरलं, एकेक हत्यार काढून ओळीनं मांडलं आणि प्रत्येकापुढं पेनानं आकडा घातला. सहा वर्षांचा मळ, पीव्हीसीचा भुसा, कुठल्या तरी भिंतीचं प्लास्टर, सगळं त्या पानावर. आधी रॉकेलमध्ये धुऊन घेतलं, मगच मापं. पात्याचं बूड व्हर्निअरवर २.३ मिलिमीटर भरलं.

त्यांच्याकडं पितळेचा पत्रा होता अडीच मिलिमीटरचा. त्यातनं वायसर कापला, भोक पाडलं, कडा कानशीनं गोल केल्या. पितळ का, तर स्टीलवर स्टील घासलं की चावतं, पितळ सरकतं. मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तो वायसर बोटानं दाबून गोल गोल घासायला सुरुवात केली, थोडं घासायचं, मापायचं, परत घासायचं. दोन दशांश मिलिमीटर उतरवायला वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील, मधे दोन गिऱ्हाइकं कात्र्या घेऊन आली त्यांना थांबवलं, पण हात सोडला नाही. कसं कळणार बरोबर झालं ते, असं मी विचारलं तर म्हणाले, "स्क्रू आवळल्यावर कात्री आपल्या वजनानं पडता कामा नये, आणि नखानं ओढल्यावर अडता कामा नये. या दोन्हीच्या मधे आलं की थांबायचं."

पहिल्यांदा जोडलं तेव्हा एक भानगड झाली. डिसमिस उघडून भिंतीवर दाबला तर तो परत मिटायला लागला. लॉकची पट्टी सगळ्या हत्यारांना मिळून एकच असते आणि वायसर घेरानं थोडा मोठा झालेला, त्यानं ती पट्टी उचलून धरलेली, त्यामुळं कुठलंच हत्यार पक्कं बसत नव्हतं. बाहेरनं बघून हे कळलं नसतं, सगळं छान दिसत होतं. मामांनी स्वतःच दाबून बघितलं म्हणून सापडलं. परत सगळं खोललं, वायसरचा घेर कमी केला, परत जोडलं. चिडचिड नाही, घाई नाही. आणि जो कोणी हे घरी करणार असेल त्यानं प्रत्येक हत्याराचं लॉक जोर लावून बघा, नाहीतर डिसमिस मिटून बोटं सापडतील आणि पात्यापेक्षा वाईट होईल.

दुसऱ्या पात्याचं, म्हणजे दातेरीचं, मामांनीच सुचवलं की हे काढू नका, बदलून देतो. पुढचं टोक पूर्ण उडवायचं, दात घासून टाकायचे आणि दीड इंचाचं आखूड, बोथट खरवडणं करायचं. मला रोज असंच काहीतरी लागतंय, जुना सिलिकॉन काढायला, डब्याचं झाकण उचकटायला, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर खरवडायला, आणि त्यासाठी मी डिसमिसचं टोक खराब करत होतो. ग्राइंडिंग बघायला मी जवळच उभा होतो. चाकाला दोन-तीन सेकंद टेकवायचं, लगेच पाण्यात बुडवायचं, परत टेकवायचं. मी म्हटलं सलग का नाही, तर म्हणाले तापून निळं पडलं की पात्याचं पाणी उतरतं, मग ते उचकटायला घातलं की वाकणार. शेवटी आधीचा चंदेरी रंग जसाच्या तसा, कुठं निळा डाग नाही. कडा त्यांनी माझ्या अंगठ्यावरनं फिरवून दाखवल्या, ओरखडा पण नाही उठला.

आता वापराचं. सात महिन्यांत पकड, डिसमिस, कात्री सगळं पहिल्यासारखं, कात्री तर पहिल्यापेक्षा मऊ उघडते, धुतल्यामुळं असेल. खरवडणं रोज दहा वेळा उघडतोय. केबलचं बाहेरचं जाकीट सोलायला पूर्वी पातं वापरायचो आणि आतल्या तारेला कधी कधी काप जायचा, आता छोटा स्ट्रिपर वेगळा ठेवलाय, शंभर-दीडशेला मिळतो आणि काम स्वच्छ होतंय. पात्याची आठवण येते ती दोनच वेळा, सुतळीची जाड गाठ कापताना आणि डब्यासोबत कांदा चिरायचा असला की. गेटवर टूल उघडून दाखवतो, खरवडण्यावरनं त्यांचं बोट फिरवू देतो, बहुतेक ठिकाणी परत खिशात. करवतीवरनं मात्र एका ठिकाणी अडवलं. करवत मला केसिंग पट्टी कापायला लागते म्हणून ठेवलीय, ती पण काढायची का हे अजून माझं ठरत नाही.

विमानासाठी म्हणून कुणी हे करणार असेल तर करू नका. आपल्याकडं केबिन बॅगेत पातं चालत नाहीच, पण नुसती पकड आणि डिसमिस बघून पण काढून घेऊ शकतात, तपासणाऱ्याच्या मनावर आहे. कोल्हापूरहून जा नाहीतर पुण्याहून, टूल चेक-इन बॅगेत टाका आणि मोकळे व्हा. आणि एकदा खोललं की कंपनीची वॉरंटी गेली असं धरून चाला. माझी तशी पण संपलेली होती, पण लेदरमनसारख्यांची २५ वर्षांची असते, तसलं महागाचं टूल असेल तर दहा वेळा विचार करा.

मामांच्या कामात एक कमी राहिली ती पण सांगतो. तीन आठवड्यांत पिनेचा स्क्रू ढिला व्हायला लागला, एकदा तर मिरजेत गच्चीवर काम करताना निम्मा बाहेर आलेला दिसला, पडला असता तर सगळी हत्यारं सुटी झाली असती. परत गेलो, त्यांनी बघितलं, म्हणाले चूक माझी, आणि स्क्रूच्या आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, लावून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासनं हललेला नाही. पण हे पहिल्याच वेळेला व्हायला पाहिजे होतं, तुम्ही गेलात तर आठवणीनं सांगा. निळंच सांगा, लाल लावलं तर पुढं कधी खोलायचं म्हटलं की तापवायला लागतंय. दुसरं म्हणजे उद्या देतो म्हणाले आणि चौथ्या दिवशी मिळालं. तीन दिवस टूलशिवाय काढले, ज्याचं पोट यावर आहे त्यानं मधे दुसरी पकड जवळ ठेवावी.

पैसे एकूण साडेतीनशे घेतले. वायसरचे दीडशे, ग्राइंडिंगचे दोनशे. मला तर हे कमी वाटले, मी पाचशे पुढं केले तर त्यांनी दीडशे परत दिले. त्यांच्या बाकावर दोन तास बसून जे बघितलं त्याचे पैसे वेगळेच.

माझ्याबरोबरचा पोरगा पण त्याचं टूल घेऊन गेला होता, चारशे-पाचशेवालं, रिव्हेट मारलेलं. मामांनी परत दिलं. रिव्हेट ड्रिलनं उडवायला लागणार, नवीन पिन ठोकताना पत्रा चेपणार, आणि टूलच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होणार, त्यापेक्षा टोक आणि धार घासून बोथट करून देतो म्हणाले, साठ रुपये. ते करून घेतलं, चांगलं झालंय. स्विस नाइफ पण पितळी रिव्हेटवरच असतात, एका गिऱ्हाइकाचं तसलं आलेलं ते त्यांनी माझ्यादेखत नाकारलं, म्हणाले हे खोलून मी आधीसारखं जोडू शकणार नाही. जे जमत नाही ते तोंडावर सांगतात, हे मला त्यांचं सगळ्यात आवडलं.

काढलेलं पातं मामांनी तेल लावून, कागदात गुंडाळून, दोरा बांधून दिलंय. ते टाकू नका, पुढं टूल विकायचं झालं किंवा परत बसवावंसं वाटलं तर लागेल, आणि वायसर पण मग असाच जपून ठेवा. माझं घरात वरच्या कप्प्यात आहे, माझ्या पोरीचा हात पोचत नाही तिथं.

त्या शाळेत गेल्या महिन्यात परत काम निघालं. आत जायच्या आधी मी टूल बाईंच्या टेबलावर ठेवलं, सगळं उघडून दाखवलं. त्यांनी खरवडण्यावर बोट फिरवलं, कात्री बघितली, म्हणाल्या कात्री पोरांपासनं लांब ठेवा, आणि परत दिलं. मी काम होईपर्यंत ते खिशातनं बाहेर काढून कुठं ठेवलं नाही.

जायचं असेल तर गणपती पेठेत कुठल्याही शिंप्याला धारवाले मामा कुठं बसतात विचारा, दाखवतील. गाडी बोळात नेऊ नका, वळत नाही. भोक असलेला बिट बरोबर न्या, टूल आधी घरी धुऊन न्या, आणि सकाळी अकराच्या आत गाठा, दुपारनंतर हॉस्पिटलच्या कात्र्यांचा डबा येतो आणि मग त्यांना मान वर करायला पण वेळ नसतोय. रविवारी दुपारी एकपर्यंतच उघडं.